दोनशे सतरा अंदर

सेक्टर २, भिलाई
५ ऑगस्ट १९९०

प्रिय कमलताई,

तू म्हणशील, चार महिने विज्या मेला होता काय, आणि आता एकदम एवढं जाड पाकीट. काम असल्याशिवाय याले आतेबहीण आठवत नाही. खरं आहे. काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाले सांगता येत नाही. इथं कॉम्प्युटरचं बोलायले गेलो तर बाबा म्हणतात, आधी पंखा दुरुस्त कर.

तुले माहीत आहे, मी जामुलच्या बसनं कामाले जातो. तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात नाही, त्याच्या खूप अलीकडे आमचा लहानसा कारखाना आहे, भट्टीले आतून लावायच्या विटांचा. क्रशरमध्ये दगड फुटला की खाली भुयारातल्या पट्ट्यावर पडते आणि पुढे जाते. त्या भुयारात माणूस साफसफाईले शिरला की तोंडाशी एक लोखंडी बोर्ड आहे, त्यावर आपल्या नंबरच्या हुकाले तो आपलं पितळी टोकन टांगते. बाहेर आला की आपल्या हातानं काढून घेते. एक जरी टोकन लटकून असलं तरी पट्टा चालू करायचा नाही. आणि दुसऱ्याच्या टोकनाले कोणीच हात लावत नाही, सख्खा भाऊ असो की मॅनेजर. हे कुठं लिहिलेलं नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा पक्कं आहे.

पट्टा चालू करणारे नरहरीकाका वर कंट्रोल रूममध्ये बसतात, चौसष्ट पायऱ्या वर. पहिले ते दर वेळी खाली उतरून बोर्ड पाहायचे. गुडघे पार कामातून गेले होते त्यांचे. मागच्या वर्षी साहेबांनी कॉम्प्युटर घेतला. मी प्रत्येक हुकाखाली स्विच बसवला आणि वर रंगीत स्क्रीन ठेवली. काकांले इंग्रजी येत नाही, म्हणून हिंदी अक्षरं चित्रासारखी काढली, आणि ती चित्रं मेमरीतून स्क्रीनवर नेणारा ड्रायव्हर मी स्वतः लिहिला. (आईनं शेजारी सांगून ठेवलं आहे की आमचा विजयकुमार ड्रायव्हर बनवते. कोणता ते तिले विचारू नको.) टोकन टांगलं की लाल ओळ: "२१७ अंदर". कोणीच नसलं की हिरवी ओळ: "अंदर कोई नहीं". कोपऱ्यात तारीख आणि वेळ. साहेबांनी सांगितलं, आता खाली उतरायची गरज नाही. काकांनी तर मले पेढे दिले होते.

आता खरं सांगतो. ९ जुलैले आमचा एक माणूस गेला. सुखराम, टोकन नंबर २१७. अकरा चाळीसले काकांनी स्क्रीन पाहिली, "अंदर कोई नहीं" होतं, बेल दिली, पट्टा चालू केला. खालून त्याच्यासोबतचा हिरालाल ओरडला तसा बंद केला. दोन मिनिटं चालला फक्त. मी तेव्हा ऑफिसात होतो. चौकशीत निघालं की सुखरामचा हुक रिकामा होता, म्हणजे त्यानं टोकन काढलं आणि मग पाना विसरला म्हणून की काय, पुन्हा आत गेला. चूक त्याचीच, असा कागद झाला आहे. चूक त्याची ठरली म्हणून त्याच्या जागी गयाबाईले, त्याच्या बायकोले, काम मिळणार नाही. लोक म्हणतात, पिऊन असेल. ती म्हणते, माझा माणूस असं करूच शकत नाही.

पण मी लिहून राहिलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तेव्हापासून तीनदा झालं. बोर्ड रिकामा असते, आत कोणी नसते, आणि स्क्रीनवर पापणी लवेपर्यंत लाल ओळ येऊन जाते: "२१७ अंदर". मी डोळ्यांनी पाहिलं. काकांनी पाहिलं. ताई, तो स्विच मी तपासला, ठीक आहे. मले सांग, हे कावून होते?

तुझा
विजू


पुणे
१४ ऑगस्ट १९९०

चि. विजू,

पत्र वाचून आधी घाबरले आणि मग हसू आलं. हसू सुखरामचं नाही रे, तुझं. अंगावर काटा आणून आतेबहिणीला पत्र लिहिणारा सॉफ्टवेअरवाला मी पहिल्यांदाच पाहते आहे.

भूत नाही. मेमरी आहे. नीट ऐक, वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यासारखा ऐकू नको.

तू चित्र काढायला मेमरीचं एक पान घेतोस. काढून झालं की ते स्क्रीनवर उमटवणाऱ्या कार्डाला देतोस आणि दुसरं पान घेऊन पुढचं चित्र सुरू करतोस. पहिलं पान कधी परत करतोस? तुझं काम झालं की लगेच, हो ना? तिथंच घोळ. तुझं झालं म्हणजे कार्डाचं झालं असं नाही. ते अजून त्याच पानावरून वाचत असतं. तुमच्या टाऊनशिपमध्ये एखाद्याचं कुटुंब अजून क्वार्टरमध्ये आहे, भाजी फोडणीला टाकली आहे, आणि ऑफिसनं तेच क्वार्टर दुसऱ्याला देऊन टाकलं, असं समज. दोघं एकाच घरात.

आणि परत केलेलं पान कोणी पुसत नाही. त्यावर जुनं लिहिलेलं तसंच राहतं, कोणी वरून लिहीपर्यंत. तुझा दोनशे सतरा हा असाच एखाद्या न पुसलेल्या पानावर राहिला आहे, आणि कार्ड चुकून त्यावर जातं. यंत्र बॅटरीवर असतं, कधीच बंद होत नसेल, म्हणून तो महिनाभर टिकला. बंद करून चालू कर, जाईल.

उपाय तुमच्याच बोर्डावर आहे, वेड्या! पानालाही टोकन लाव. जो वापरतो तो टांगेल, ज्याचं त्यानंच काढायचं, आणि एक जरी लटकून असलं तरी पान परत करायचं नाही. भुयाराला जो नियम लावलास तो मेमरीला कसा विसरलास?

एक मात्र मला खटकलं. नवीन पान घेतल्यावर तू त्यावर पहिल्यांदा काय लिहितोस? कळव. आणि ड्रायव्हरची फ्लॉपी पाठव, मी इथं लॅबमध्ये पाहते.

मामींना सांग, ड्रायव्हरला पगार चांगला असतो.

तुझी
कमलताई


सेक्टर २, भिलाई
२६ ऑगस्ट १९९०

प्रिय ताई,

सोबत फ्लॉपी आहे, दोन पुठ्ठ्यांत बांधून रजिस्टर केली. कारखान्याच्या मशीनवरूनच कॉपी केली, मशीन बंद करायच्या आधी.

तू म्हटलं तसं सगळं केलं. पानाले टोकनांची मोजणी लावली. कार्ड "झालं" म्हणेपर्यंत पान परत होत नाही. परत करताना पुसतो पण. बॅटरीची वायर काढली, मशीन पूर्ण बंद केली, पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो, मग चालू केली. मंगळवारची गोष्ट. काकांले म्हटलं, गेला आता, विसरा.

गुरुवारी सकाळी पावणेबाराच्या सुमाराले पुन्हा आला.

आणि या वेळी पापणी लवेपर्यंत नाही. मी दहा मोजले, तेवढा वेळ होता. लाल, स्वच्छ, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. खाली हिरालाल बोर्डापाशीच होता, मी खिडकीतून ओरडून विचारलं, दोनशे सतरा रिकामा आहे काय? तो म्हणाला, रिकामाच हाय ना साहेब, आता काय भरून येते तो! मग त्याचा चेहराच उतरला. तो वर येईपर्यंत ओळ गेली होती, तरी स्क्रीनले हात जोडून खाली उतरला.

आता खालचे लोक भुयारात शिरायच्या आधी आवाज देतात. "सुखरामभाऊ, सरक जरा." दिवसाढवळ्या, बाप्पा! थट्टा नाही करत, पानाची पिचकारी टाकून आल्यासारखं सहज म्हणतात आणि आत जातात. निघताना म्हणतात, "येतो." हिरालाल म्हणते, ज्यानं आपल्या हातानं टोकन नाही काढलं तो बाहेर आलाच नाही. मी म्हटलं, अबे, त्यानं काढलं होतं ना, कागदात लिहिलं आहे. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

नरहरीकाका डबा तसाच परत नेतात. स्क्रीनकडे पाहून बेल देतात, आणि बेल दिल्यावर खुर्चीवर बसत नाही, पट्टा चालू होईपर्यंत उभे राहतात.

तू विचारलं, नवीन पानावर पहिल्यांदा काय लिहितो. आधी कोरा नमुना टाकतो, मग हुक वाचून नंबर भरतो. नमुन्यात "अंदर कोई नहीं" असते. कोरी जागा वाईट दिसते म्हणून. कावून विचारलं?

गयाबाई परवा गेटवर आली होती. माझ्याशी बोलली नाही.

विजू


पुणे
९ सप्टेंबर १९९०

विजू,

फ्लॉपी मिळाली. आज रविवार, लॅब रिकामी होती, दिवसभर बसून पाहिली.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कार्ड अजून जुन्या पानावरून वाचत असताना तू तेच पान परत घेतलंस आणि त्यावर कोरा नमुना टाकलास, तर स्क्रीनवर काय दिसेल? "अंदर कोई नहीं". माणूस आत असताना. एरवी क्षणभर दिसेल, कोणाला कळणारही नाही. पण नंबर भरायला उशीर झाला तर तितका वेळ तेच दिसेल. तुझ्या ड्रायव्हरमध्ये नंबर भरायच्या आधी प्रिंटरला ओळ पाठवतोस आणि तो "मिळाली" म्हणेपर्यंत थांबतोस. प्रिंटरचा कागद अडकला तर? कोऱ्या पानावर कोरंच ठेवायचं होतं रे. कोरं दिसलं असतं तर काका निदान थांबले असते.

आता दुसरं.

फ्लॉपीवर फाईल लिहिताना शेवटचा तुकडा अर्धा भरला, तर उरलेल्या जागेत कॉम्प्युटर मेमरीतलं जे हाताला लागेल ते टाकतो. कोणी ते वाचत नाही. मी वाचलं. तुझ्या फाईलच्या शेवटी, जिथं काहीच असायला नको, तिथं तुझ्या स्क्रीनचं एक पान आहे. त्यात तुझ्या अक्षरांचे आकडे आहेत, मी तक्ता लावून उलगडले. "२१७ अंदर". तारीख ९ जुलै. वेळ ११:४२.

तूच लिहिलंस, अकरा चाळीसला पट्टा सुरू झाला आणि दोन मिनिटांनी थांबला. हे पान पट्टा थांबला तेव्हाचं आहे. हुकाखालचा स्विच दाबलेला असल्याशिवाय तुझा ड्रायव्हर ही ओळ लिहीतच नाही. म्हणजे तेव्हा टोकन हुकावर होतं. त्यानं काढलेलं नव्हतं.

आणि नंतर तो काढायला येऊ शकत नव्हता.

विजू, कोपऱ्यातली वेळ तू मला एकदाही लिहिली नाहीस. तुला स्क्रीनवर दहा आकडे मोजेपर्यंत दिसली होती. मशीन बंद केल्यावरही तो परत कसा आला, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पुस्तकं उघडून पाहिली, मागच्या आठवड्यात इथल्या दोघांना विचारलं, नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याजवळ आहे असं मला वाटतं, आणि देवा, माझं चुकत असू दे.

टोकन कोणी काढलं?

कमलताई


पुणे
७ ऑक्टोबर १९९०

विजू,

महिना झाला. मामांना फोन केला तर म्हणाले, बरा आहे, जेवतो कमी. रागावली नाही मी. लिही. काहीही लिही.

ताई


सेक्टर २, भिलाई
१४ ऑक्टोबर १९९०

ताई,

मी काढलं.

मी ऑफिसात नव्हतो. वर कंट्रोल रूममध्येच होतो, प्रिंटरचा अडकलेला कागद काढून राहिलो होतो. स्क्रीन लाल होती, मग हिरवी झाली. काका म्हणाले, "निघाला सुखराम," आणि बेल दिली. मी पाठमोरा होतो. कागद निघाला, प्रिंटर चालला, आणि मी वळून पाहिलं तर स्क्रीन पुन्हा लाल. "२१७ अंदर", ११:४२. तेवढ्यात खालून हिरालालची किंकाळी. काका पट्टा बंद करून खिडकीकडे धावले. ती लाल ओळ फक्त मी पाहिली.

तुझ्या पत्राची गरजच नव्हती मले. मले तिथंच, त्या क्षणी सगळं समजलं होतं. लिहिणाऱ्याले आपला कोड कुठं कच्चा आहे ते माहीत असते ना ताई. साहेबांनी विचारलं होतं तेव्हा मीच सांगितलं होतं, पायऱ्या उतरायची गरज नाही, स्क्रीन खोटं बोलत नाही.

खाली धावलो ते त्याले काढायले धावलो, शपथ घेऊन सांगतो. हिरालाल आत शिरला होता, बाकीचे त्याच्या मागं. बोर्डापाशी मी एकटा. २१७ लटकून होतं, आणि जरा जरा हलत होतं. कावून हलत होतं ते मले माहीत नाही, वारा नव्हता. हात आपोआप गेला. खिशात टाकलं. आतले लोक त्याले घेऊन बाहेर आले तेव्हा मी त्याचे पाय धरले होते. एका हातानं पाय, दुसरा खिशावर.

ते टोकन घरी आणलं. बाबांच्या जुन्या पेटीत, माझ्या सर्टिफिकेटांच्या खाली ठेवलं. खरं सांगू? मले स्क्रीनची भीती वाटत नाही. ती ओळ आली की मले बरं वाटते. म्हणजे अजून एक जण तरी आहे ज्याले माहीत आहे. भीती मले हुकाची वाटते, तो रिकामा दिसू नये म्हणून मी दुसऱ्या वाटेनं जातो. सगळे लोक तो हुक पाहून सुखरामले दोष देतात, त्याच्या पोरींसमोर म्हणतात, पिऊन गेला.

परवा दिवाळी. गयाबाईच्या घरी दिवा लागणार नाही, आणि तिच्या माणसाचं नाव मी त्या पेटीत घालून ठेवलं आहे.

मी काय करू? सांगितलं तर नोकरी गेली, केस झाली, बाबांच्या रिटायरमेंटले दोन वर्षं आहे, ते या वयात कोर्टात येतील माझ्यापायी. नाही सांगितलं तर तू काय करशील, ते पण मले माहीत आहे.

विजू


पुणे
२२ ऑक्टोबर १९९०

विजू,

हो, करीन. फ्लॉपी माझ्याजवळ आहे, आणि गयाबाईच्या माणसाला त्या कागदावर दोषी राहू देणार नाही. मी लहानपणी तुझ्या वाटचे मार खाल्ले आहेत, हा नाही खाऊ शकत. पण मी पाठवली तर ते तुझं पकडलं जाणं होईल. तू सांगितलंस तर सांगणं होईल. दोन्हीत फरक आहे, आणि तो तुझ्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. मी दहा नोव्हेंबरपर्यंत थांबते.

मामांचा विचार करतोस ते कळतं. पण ते सत्तावीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काम करत आलेत, टोकन म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. आधी त्यांना सांग. मग साहेबांना.

खूप रडले मी तुझं पत्र वाचून, हे तुला माहीत असू दे. आणि जा.

ताई


सेक्टर २, भिलाई
११ नोव्हेंबर १९९०

प्रिय ताई,

झालं. क्रमानं सांगतो, नाहीतर तू म्हणशील मधलं पान गाळलं.

बाबांले मागच्या रविवारी सांगितलं. ते चहा पिऊन राहिले होते. कप खाली ठेवला, आत गेले, चप्पल घालून आले आणि म्हणाले, "चल, मी पण येतो." मी म्हटलं, उद्या, आज साहेब नसते. तेव्हा बसले.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर टोकन ठेवलं आणि सगळं सांगितलं, नमुना, प्रिंटर, लाल ओळ, माझा खिसा. साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, चौकशी संपली आहे, फाईल बंद झाली आहे, तू तरुण आहेस, हे नाल्यात टाकून दे आणि कामाले लाग. मी टोकन उचललं. नाल्याकडे नाही गेलो. सरळ खाली गेलो आणि सगळ्या शिफ्टच्या देखत ते २१७च्या हुकाले टांगलं. ते इतके दिवस कोणाकडे होतं हे सांगायची गरजच पडली नाही. हिरालालनं डोक्यावरची टोपी काढली, हातातला पाना खाली ठेवला, आणि मग एकेक करून सगळे खाली बसले.

वर स्क्रीन लाल झाली. "२१७ अंदर". ९ जुलैनंतर पहिल्यांदा ती ओळ खऱ्या हुकावरून आली होती.

पट्टा बंद. क्रशर बंद. दुपारी साहेब स्वतः उतरले, हात पुढं केला, तर हिरालाल उठलाही नाही, बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, त्याले हात नका लावू." साहेबांचा हात तसाच मागं गेला. तीन दिवस असंच. विटा भाजायची भट्टी थंड व्हायले आली. चौथ्या दिवशी नवीन कागद निघाला: चूक स्क्रीनची, स्क्रीन लिहिणाऱ्याची, आणि टोकन लपवणाऱ्याची, सुखरामची नाही. गयाबाईले कामावर घ्यायचं. मले काढलं. केस होईल ते होईल, कागदावर सही करून आलो.

गयाबाई आली ती दोन्ही पोरींले घेऊन आली. नरहरीकाकांनी तिले कागद वाचून दाखवला, दोनदा. मग सगळे बाजूले झाले, की ती टोकन काढेल. तिनं हात नाही लावला. माझ्याकडे वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"त्या दिवशी तुह्या पडद्यावर काय होतं?"

"अंदर कोई नहीं."

"आता मी हे काढलं का काय येईन?"

तेच येईल ना. हिरवं. तेच तीन शब्द.

"मंग मले तुह्या पडद्याचं काय खरं?" ती म्हणाली. "तू जाऊन पाह्य. पुरा आतपर्यंत. हाय का नाई ते पाहून ये, मंग काढतो मी."

कोणी हसलं नाही. मी २४० नंबरचं कोरं टोकन घेतलं, टांगलं आणि आत शिरलो.

मी त्या भुयारात कधी गेलोच नव्हतो. वरून नंबर मोजायचो. वाकून चालावं लागते, पट्टा छातीपाशी येते, दगडाची धूळ नाकात बसते. वीस-पंचवीस पावलांनंतर तोंडाकडचा उजेड मागं राहते आणि आपलाच श्वास दोनदा ऐकू येते. मी थांबलो तर एक थांबला. दुसरा जरा उशिरा थांबला. मले पळायचं होतं, पण ती म्हणाली होती पुरा आतपर्यंत, म्हणून गेलो. शेवटच्या रोलरपर्यंत हात लावून पाहिलं. मोठ्यानं म्हटलं, "सुखरामभाऊ, सरक जरा." का म्हटलं माहीत नाही. सगळे म्हणतात तसं म्हटलं. तिथं मी उभा होतो आणि वर माझा जीव एका हिरव्या-लाल ओळीवर होता, मीच लिहिलेल्या. पट्टा बंद आहे, वायर काढली आहे, सगळं माहीत होतं मले. तरी रोलर धरूनच उभा राहिलो. मनात एवढंच, कोणीतरी खाली उतरून यावं. पडदा पाहून बसू नये. यावं.

तेवढ्यात तोंडापाशी आवाज आला. नरहरीकाका. चौसष्ट पायऱ्या उतरून, त्या गुडघ्यांनी. वर त्यांले दोन ओळी दिसल्या होत्या, दोनशे सतरा आणि दोनशे चाळीस. धापा टाकत त्यांनी हाक मारली.

"सुखराम! विजू! या बाहेर, मी उभा हाय."

मी बाहेर आलो. माझं टोकन मी काढलं. गयाबाई माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागं भुयाराच्या तोंडाकडे पाहत होती. आम्ही सगळे थांबलो, एक माणूस बाहेर यायले जेवढा वेळ लागते तेवढा. मग तिनं पदरानं डोळे पुसले, मोठ्या पोरीले जरा बाजूले ओढून वाट करून दिली, आणि टोकन काढलं.

तुझा
विजू